पलीकडचा अर्धा

अर्धापूल हे त्या वस्तीचं नाव, आणि ते ऐकून हसला नाही असा पाहुणा अजून जन्माला यायचाय. नदीकाठी बोटांवर मोजावीत एवढी घरं, आणि पात्राच्या मध्यापर्यंत जाऊन थांबलेला दगडी पूल. दोन्ही काठांवरच्या पणजोबांनी अर्धा-अर्धा बांधायचं ठरवलं होतं. अलीकडच्यांनी शब्द पाळला, पलीकडच्यांनी दगड हलवला नाही. तेव्हापासून अर्धापूलची माणसं कुठेच न जाणारा तो पूल दरवर्षी घासूनपुसून, सांधे भरून लख्ख ठेवत होती. पुढे मात्र एक दगडही टाकायचा नाही, हा बाणा. मूर्खपणा म्हणा हवं तर, पण त्यांच्या तोंडावर म्हणू नका.

ही डागडुजी करणारी गवंडीण आता इरेला पेटली होती. बापाची थापी हाती आल्यापासून तिची एकही भिंत वाकडी गेली नव्हती. तिची एकुलती एक लेक नेमकी पैलतीरी दिलेली. पाण्याला अशी ओढ की नाव टिकत नाही, आणि वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडतो. लेकीच्या पहिल्या बाळंतपणात ती पुलाच्या टोकाला नुसती उभी होती. नातवाचं रडणं पाण्यावरून ऐकू आलं, पण तेव्हा तोंड बघता आलं नाही. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. आता लेकीला पुन्हा दिवस गेले होते.

"या खेपेला पोर बाळंतपणाला माझ्या घरी येणार, आणि पुलावरून येणार," तिने चारचौघांत सांगून टाकलं.

"आपल्या बाजूने खडाही पुढे जाणार नाही!" मोठे काका गरजले. हे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ; वस्तीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. "नाक कापून घ्यायचंय का?"

"तुमचं नाक शाबूत राहील, काका. मी त्यांच्या बाजूने बांधते."

थापी, ओळंबा आणि सपाटी तपासायची पाणसळ पिशवीत कोंबून ती वळसा घालून पलीकडे गेली आणि व्याह्यांना तिने सरळच विचारलं, "इतकी वर्षं का नाही बांधला हो?"

"आमच्यात गवंडीच नव्हता कधी," व्याही पुटपुटले. "आणि तुमच्याकडे मागायची लाज."

"एवढंच ना? आता आहे गवंडी. माणसं द्या."

माणसं मिळाली. खांब उभे राहिले, एकेक करून त्यांवर लांब दगडी शिळा चढल्या. अर्धापूलकर रोज आपल्या टोकाला येऊन, हाताची घडी घालून, कुठे खोट सापडते का बघत. सापडत नव्हती, आणि तेच त्यांना झोंबत होतं.

शेवटची शिळा उरली तेव्हा लेकीचे दिवस भरत आले होते. ओंडक्यांवरून शिळा पुढे सरकली, पण तिचं पुढचं टोक धरून खांबावर बसवायला समोरून हात हवे होते. समोर सगळे अर्धापूलकर, गवंडिणीचीच माणसं. कुणी हलेना, सगळे काकांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोरखंड करकरला.

"काका, ही पाण्यात गेली तर दुसरी घडवेपर्यंत माझी पोर बाळंत होईल," ती ओरडली. "धरताय की नाही?"

काकांनी शिळेकडे पाहिलं, मग पैलतीरावर अवघडून उभ्या असलेल्या नातीकडे. त्यांनी बाह्या वर सारल्या.

"दगड त्यांचाच आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पण दारात आलेल्या पाहुण्याच्या हातातलं ओझं घ्यायचं नाही, असं कुठे ठरलं होतं? बघता काय, धरा रे!"

शिळा बसली. गवंडिणीने पाणसळ लावली, केसाइतकाही फरक नव्हता. आणि इतके दिवस दगडासारखी राहिलेली ती बाई मटकन खाली बसून रडली. आनंदच झाला होता तिला, दुसरं काही नाही.

लेक हळूहळू चालत आली. अर्ध्यावर काका तिला घ्यायला गेले, तिचं बोचकं त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकलं, आणि मागे वळून पलीकडच्या दगडांवर एकदा पाय आपटून पाहिला.

"त्यांचा अर्धाही बरा झालाय," ते म्हणाले.

"तो मी बांधलाय, काका," गवंडीण म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय."