वारसिनीचं शेवटचं खोकं

मित्रांनो, मी एक जुनी पडशी आहे. घोड्याची नव्हे, मोटारसायकलची. जाड ताडपत्रीची दोन पोटं आहेत मला, एक डावीकडे, एक उजवीकडे. डोंगराखालच्या वोनोसोबो गावाच्या बाजारात एका शिंप्याने मला शिवलं आणि एंडांग नावाच्या कुरियरवालीने मला आपल्या गाडीवर टाकलं. तिचा रस्ता चढाचा. बटाट्याच्या शेतांमधून वर जाणारा, जिथे दुपार कलली की धुकं उतरतं आणि जमिनीतून गंधकाचा वास येतो.

पहिल्या वर्षी दिवसाला चार-पाच पुडकी असत. मग वरच्या गावांत फोन पोहोचले आणि लोक घरबसल्या मागवू लागले. ओढण्या, भाताचे कुकर, कोंबड्यांची औषधं, लग्नाचे बूट. कापडवाल्या तारमिनीबाईंनी बाजारातल्या दुकानाला कुलूप घातलं आणि घरातच फोनच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून कापड विकायला सुरुवात केली. त्यांची पुडकीही मीच वाहिली. माझी शिवण उसवायची. एंडांग ती दाभणाने शिवायची आणि म्हणायची, "टिक गं बाई. तू फाटलीस तर माझी चूल विझेल."

सगळ्यात वरच्या घरात कार्तो नावाचे म्हातारे एकटे राहत. सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत. त्यांची एकुलती मुलगी वारसिनी तैवानला एका आजारी बाईची सेवा करायची. तिथून ती फोनवर बापासाठी काहीतरी मागवायची. कधी लोकरीचे मोजे, कधी गुडघ्याला चोळायचं तेल. पुडक्याच्या पट्टीवर, कुरियरसाठी सोडलेल्या जागेत, ती कधी काही सूचना लिहायची आणि दर वेळी ही ओळ, बापाला बापाक म्हणत: "बापाकना कमी ऐकू येतं. दार जोरात वाजवा."

एंडांग दार असं बडवायची की अंगणातल्या कोंबड्या उडायच्या.

"दार मोडायला आलीस की सामान द्यायला?" म्बाह विचारायचे.

"आधी मोडते, मग देते."

त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. वेष्टन सरळ चुलीत जायचं.

एका जानेवारीत वारसिनी तिकडेच तापाने गेली. तिला लाकडी पेटीतून विमानाने आणलं. गावाने तिला पुरलं, सातव्या दिवशी प्रार्थना केली, भात वाटला.

आणि वीस दिवसांनी कुरियरच्या डेपोत तिच्या नावाचं खोकं आलं. जाण्याआधी तिने तिकडून पाठवलेलं, समुद्रावरून रेंगाळत आलेलं. एंडांगने पट्टी वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग तिने खोकं माझ्या डाव्या पोटात ठेवलं.

मित्रांनो, मी पोती वाहिली आहेत. ते खोकं हलकं होतं, तरी गाडी डावीकडे झुकत होती. वळण आलं की आत काहीतरी सरकायचं, झोपेत कुणी कूस बदलावी तसं.

म्बाह दारात उभे होते. त्यांनी नाव ऐकलं आणि हात मागे घेतले.

"आज नको."

"तुमचंच आहे, म्बाह."

"घरात घेतलं की ते आलं, संपलं. वाटेत आहे तोवर तिच्याकडून काहीतरी यायचं आहे."

"तीन दिवस ठेवता येतं. मग नियमाने परत जातं."

"परत कुणाकडे?" त्यांनी विचारलं. एंडांगने खोकं पुन्हा माझ्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी मान हलवली. डेपोतला सुरोसो म्हणाला, "तुझी पडशी झपाटलीय म्हणतात. माझी पुडकी त्या बाजूला घालू नकोस."

"तुला पाहून भूतसुद्धा उतरून जाईल," एंडांग म्हणाली आणि त्याची पुडकी उजव्या पोटात घातली.

तिसऱ्या दिवशी धुकं दाट होतं. अर्ध्या घाटात तिने गाडी थांबवली आणि माझ्यावर हात ठेवला. "वारसिनी," ती म्हणाली, "तुझं लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवू का?" आत काहीच हललं नाही.

वर पोहोचल्यावर तिने खोकं पुढे केलं नाही. नुसती पट्टी वाचली. "हे बापाकनी उघडू नये. यात माझ्या वस्तू आहेत. ईदला आले की मी उघडीन."

म्बाहनी पट्टीवर बोट ठेवलं. "तिने असं लिहिलंय?"

"ती दर वेळी लिहायची. दार जोरात वाजवा, हेही तीच लिहायची."

"मला वाटायचं तुला रीतभात नाही."

"नाहीच आहे मला," एंडांग म्हणाली आणि रडू लागली.

म्हाताऱ्याने खोकं दोन्ही हातांनी घेतलं. "तिचं आहे तर तिच्या खोलीत ठेवायला हवं." त्यांनी ते पलंगावर, उशीजवळ ठेवलं आणि दार ओढून घेतलं. ईद आली, गेली. ते खोकं उघडलं गेलं नाही.

"आणखी काय लिहायची ती?" खोकं ठेवल्याच्या पुढच्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं. वेष्टनं तर जळून गेली होती. एंडांगने आठवून सांगितलं: मोजे आजच घालायला लावा. तेल डोळ्यांना लागू देऊ नका. पुडकं नसलं तरी ती दर शुक्रवारी वर जाऊ लागली आणि दर शुक्रवारी म्बाह एक नवी ओळ मागू लागले. चार ओळींनंतर तिच्याजवळचं संपलं. पाचव्या शुक्रवारी ती जरा थांबली आणि म्हणाली, "एकदा लिहिलं होतं, बापाकच्या हातचा चहा घेतल्याशिवाय निघू नका."

तशी ओळ माझ्या पोटातून कधीच गेली नव्हती. म्बाह उठले आणि त्यांनी पाणी उकळायला ठेवलं.

आता कंपनीने एंडांगला प्लास्टिकची पेटी दिली आहे. मी तिच्या स्वयंपाकघरात खुंटीवर असते, माझ्यात कांदे असतात. कुणी मला झटकतही नाही. शुक्रवारी मात्र ती मलाच गाडीवर टाकते, रिकामी. का, ते तिने सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही दारात रोज पुडकी येत असतील. वेष्टन फाडण्याआधी त्यावरचं एकदा वाचत जा. आणि कधी त्या घाटात वर गेलात, म्हाताऱ्याने चहा पुढे केला, तर मुकाट्याने प्या. ती ओळ कुणाची, ते मात्र त्यांना सांगू नका.