कापडाआडचं बोलणं

आई जन्मापासून बहिरी नव्हती. उमेदीची सगळी वर्षं तिने कापड गिरणीत मागांवर काढली आणि त्या खडखडाटात आधी डावा कान गेला, मग उजवा. मागखात्यात कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढताच बोलत. ओठ मोठे करून, शब्द सावकाश सोडून, दोन रांगा पलीकडच्या बाईला सांगत की मुकादम येतोय, की सुनेने पुन्हा अबोला धरलाय, की आज डोकं ठणकतंय. माझ्याशी आई घरीही तशीच बोलायची. इतर मुलं सायकल शिकतात तशी मी तिचे ओठ वाचायला शिकले.

बाबा शिकले नाहीत. ते त्याच गिरणीत हजेरी-कारकून होते, ऑफिसात बसायचे, त्यांचे कान शाबूत राहिले. ज्याला ऐकू येतं त्याने दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघत बसायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी आई आवाज काढून बोले, पण तो आवाज तिचा तिला ऐकू येत नसल्यामुळे कधी गल्लीभर जाई, कधी पुटपुटण्यातच विरे. बाबा घरात मोजकंच बोलत. त्यांचं खरं बोलणं संध्याकाळी बाहेर व्हायचं, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानापुढच्या बाकावर. तिथे तिघे मित्र होते. त्यातला एक मेजर. तो कुठल्याही सैन्यात नव्हता, नुसत्या मिशा होत्या. बाबांनी केलेल्या नकला आणि मारलेले टोमणे ऐकायला लोक त्या बाकाजवळ थांबायचे.

माझ्या घराला रंग द्यायचा होता म्हणून मी चार कपडे घेऊन आईबाबांकडे आले आणि साथीमुळे सगळं बंद झालं. छापायच्या पुस्तकांतल्या चुका काढणं हे माझं काम, ते कुठूनही होतं. मी जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात लॅपटॉप मांडला.

पहिले दिवस चांगले गेले, हे लिहायलाच हवं. बाक बंद, दुकान बंद, तेव्हा बाबा आईशी बोलू लागले. गिरणीतले जुने किस्से, साहेबांच्या चाली, कोण कोणाच्या नावावर हजेरी लावायचं. आई हरखून गेली. इतकं बोलणं तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. सकाळी लवकर आवरून ती बाबांची खुर्ची खिडकीकडे फिरवून ठेवायची, त्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. ते बोलायचे आणि ती त्यांच्या ओठांकडे अशी बघायची, की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटे.

"हे बंद आहे ते बरंच आहे," एकदा ती मला आवाज न काढता म्हणाली. "कुणाला सांगू नकोस."

मग बाबांचे किस्से संपले असावेत. किंवा ज्याच्या तोंडाकडे इतकं निरखून बघतात त्याला काही दिवसांनी गुदमरायला होत असावं. ते गॅलरीत जाऊन, काचेचं दार ओढून, मेजरशी फोनवर बोलू लागले. एका सकाळी आई आत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबा काचेपलीकडे, तिच्याकडेच तोंड करून उभे होते.

दुपारी जेवताना त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली, तेव्हा आईने हात वर केला.

"आज राहू द्या. जबड्याला आराम द्या."

"म्हणजे?"

"बहिरीशी बोलून बोलून जबडा दुखतो ना तुमचा. भिंतीशी बोललं तर निदान घुमतं तरी." तिने त्यांना भाजी वाढली. "भिंतीचं चांगलं होतं. मेजर हसला का?"

बाबांचा घास हातातच राहिला. जन्मभर हिच्याबरोबर राहून त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, की हिला काचेची अडचण नाही. दार ओढलं की आपण खाजगीत गेलो, असंच त्यांना वाटत होतं. त्यांचा चेहरा आधी पडला. त्या क्षणी ते एक शब्द चांगला बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण ते ओशाळले, आणि ओशाळणं त्यांना कधीच सोसत नसे.

"माझ्याच घरात माझ्यावर पाळत?" ते ओरडले. तिच्यापर्यंत फक्त तोंडाचा आकार पोचला.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले ते मास्क लावून. आईनेच शिवलेला, गिरणीतल्या उरलेल्या तुकड्यांतला, निळ्या रेघांचा.

"हे काय, घरात?" आईने विचारलं.

ते काहीतरी बोलले. कापड आत गेलं, बाहेर आलं. आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

ते म्हणाले होते, "वाच आता."

"काळजी घेतलेली बरी म्हणतायत," मी म्हणाले.

त्यांना त्याची गोडी लागली. बाकावर बोलायचं तुंबलेलं सगळं इथे मोकळं होऊ लागलं. आई भाजी चिरायला बसली की समोर खुर्ची ओढून बसायचे, डोळ्यांत हसू ठेवायचे आणि मऊ आवाजात सुरू व्हायचे. तू दिसतेस कशी, चालतेस कशी. "मला खरं तर तुझी धाकटी बहीण हवी होती. ती नको म्हणाली, तेव्हा तुझ्यावर आलो. हे सांगायचं राहूनच गेलं होतं बघ." शब्द असे, आणि सूर एखाद्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसा.

"काय म्हणतायत?"

"पाणी मागतायत."

आईने हात पुसून पाणी आणलं. बाबांनी पेला हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. "आणलं की गं! चांगली दुभाषी आहेस."

"बाबा, पुरे करा."

"कुणाला त्रास होतोय? तिला ऐकू येत नाही. चार भिंतींत कोंडलंय, माणसाने कुठे तरी बोलायचं की नाही?"

"मला ऐकू येतं."

"मग तू कानात बोळे घाल."

मी त्यांच्याशी भांडले, मास्क ओढायला गेले, एकदा तर त्यांचे सगळे मास्क लपवून ठेवले. त्यांनी रुमाल बांधला. आणि आईने विचारलं की मी पाणी, चहा, पंखा, बातम्या, काही ना काही सांगत राहिले.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिली. आवाज न काढता बोलत होती, म्हणजे बोलणं आमच्या दोघींतलं होतं.

"पेले भरलेलेच परत येतात. इतकी तहान कुणाला लागते?"

"कंटाळलेत गं. बडबडतात काहीबाही."

"कंटाळलेला माणूस असा खूश दिसत नाही." तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "माझ्या तोंडावर काय बोलतात ते मला कळायला हवं. वाईट असलं तरी. मी वाईट ऐकलेलं नाही का? पण ऐकलेलं होतं. हे असं नको. जसंच्या तसं सांग."

"बरं," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी बाबा तिच्यासमोर बसून म्हणाले, "ह्या रोगाला दोघांतलं एक हवं असेल तर हिला न्यावं. हिचं काय जाणार आहे? जग हिच्यासाठी आधीच बंद झालंय." आई माझ्याकडे वळली. मी म्हणाले, उद्या पाऊस आहे म्हणतायत. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतर तिने मला कधी विचारलं नाही. बाबा समोर येऊन बसले की त्यांच्या डोळ्यांकडे एकदा बघायची आणि आपलं काम पुढे चालू ठेवायची.

भाजी आणायला घरटी एकाला बाहेर सोडत. बाबा जायचे आणि फार वेळ लावायचे. मी औषधांच्या दुकानात निघाले होते, तेव्हा ते मला दिसले. किल्लीवाल्याच्या बंद दुकानामागच्या बोळात चौघे खोक्यांवर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून. चौघांचे मास्क हनुवटीवर. बाबा कुणाची तरी नक्कल करत होते, ओठ फाकवून, आवाज न काढता, आणि मेजर हसून हसून खोकत होता, डोळे पुसत होता. ती नक्कल कुणाची हे कळायला मला जवळ जावं लागलं नाही.

"घरात नाकापर्यंत आणि बाहेर हनुवटीवर?" घरी आल्यावर मी म्हणाले.

"जाऊन तिला सांग. तुझं ऐकते ती," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

मेजरला ताप आला. मग बाबांना, एकच दिवस. मग माझा वास गेला. मग आईला धाप लागली. न्यायला आलेली दोघं माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली होती. ती माणसं आईशी बोलत होती, चांगलंच बोलत असणार, पण तिला त्यांच्या चेहऱ्यावर फक्त प्लॅस्टिक दिसत होतं. जिन्यात ती थांबली आणि माझ्याकडे वळली. मी मास्क खाली ओढला आणि म्हणाले, "दवाखान्यात. फोन करते." त्यातला एक माझ्यावर खेकसला. आईने मान हलवली आणि कठडा धरून खाली उतरली. तिचा चष्मा टेबलावर राहिला होता. तिला अक्षरांना चष्मा लागे, तोंडांना लागत नसे.

आम्ही दोघं पॉझिटिव्ह, दारावर विलगीकरणाचा कागद, दार बाहेरून बंद. नर्स कधी कधी फोन उचलायची.

"आजी सहकार्य करत नाहीत हो. हात झटकतात, नळ्या ओढतात. शेवटी हात बांधावे लागले."

"तिला ऐकू येत नाही. ती ओठ वाचते. मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"पाळ्या बदलतात ना ताई, सगळ्यांपर्यंत जात नाही. आणि कळवायचं कसं? इथे मास्क काढू मी?" ती थकलेली होती, दुष्ट नव्हती. "लिहून दाखवलं कागदावर. त्यांना दिसत नाही."

"चष्मा पाठवलाय. गेटवर दिलाय शेजाऱ्यांनी."

"बघते."

चष्मा पोचला नाही. मग एका सकाळी नर्सनेच फोन केला. आईला व्हेंटिलेटरवर घेणार होते. घशात नळी घालायची, त्यासाठी झोपवायचं. त्याआधी व्हिडिओ कॉल लावून देते म्हणाली, पण अगदी थोडा वेळ, डॉक्टर येईपर्यंत.

मी आरशापुढे उभी राहिले. ओठांवर नीट दिसतील असे शब्द निवडले. घशात नळी घालतील. झोप लागेल. जागी झालीस की बोलता येणार नाही, घाबरू नकोस. मी आहे. पुन्हा पुन्हा म्हटलं. मला एवढंच करायचं होतं. तिला काय करणार आहेत हे तिला कळायला हवं होतं.

फोन वाजला तेव्हा बाबा दाढी करून, मास्क न लावता, टेबलापाशी आले होते. जेवताना सोडलं तर घरात पंधरवड्यानंतर मी त्यांचं तोंड बघत होते.

"आधी मी. दोनच शब्द."

"बाबा, वेळ नाहीये. मला तिला सांगायचंय."

"नवरा आहे मी तिचा!" त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

आई दिसली. तोंडावर पारदर्शक ऑक्सिजन मास्क होता. श्वास सोडला की त्यावर वाफ धरायची, घेतला की ओठ दिसायचे. बाबांनी फोन दोन्ही हातांत धरून चेहऱ्याजवळ आणला आणि बोलायला लागले. चुकलो. वाटेल ते बोललो. तू मनावर घेऊ नकोस. घरात कोंडून माणसाचं काय होतं, तुला माहीत नाही. माफ कर. एकदा माफ केलं म्हण. ते रडत होते, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत त्यांचं कपाळ दिसत होतं आणि डोळे. तोंड कडेच्या खाली राहिलं होतं. आईसमोर पुन्हा फक्त डोळे होते.

"बाबा, फोन खाली घ्या. तोंड दिसत नाहीये तुमचं."

"मध्ये बोलू नकोस!" त्यांनी कोपराने मला ढकललं.

आईचे ओठ हलले. वाफ, मग ओठ, मग वाफ. आवाज नव्हता. मागखात्यातलं ते मोठं, सावकाश बोलणं. पोरगी कुठे आहे. हे काय करणार आहेत मला. मग पुन्हा. काय करणार आहेत.

"बघ, बघ, बोलतेय!" बाबा म्हणाले. "माफ केलं म्हणतेय."

मी फोन हिसकावला. पडद्यावर छत आलं, मग हातमोजा, मग आईचा गाल. "डॉक्टर आले ताई," नर्स म्हणाली. मी तोंड पुढे केलं. "घशात," मी म्हणाले, "घशात नळी." गाल पलीकडे वळत होता. मग पडदा काळा झाला.

नळी काढायची वेळ आलीच नाही. ती नळीसकटच गेली.

आमच्या दारावरचा कागद निघाला तसे बाबा फोन करू लागले. आत्याला, काकांना, गिरणीतल्या जुन्या लोकांना. त्यांचा आवाज दर फोनला थोडा आणखी सुधारत गेला. "शेवटी माझ्याशी बोलली. माफ केलं म्हणाली. आवाज नव्हता, पण नवऱ्याला कळतं." ऐकणारे पलीकडे रडायचे. मी किती तरी फोन ऐकले.

मग एकदा मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"ती तुमच्याशी बोलत नव्हती. ती मला शोधत होती. तिला काय करणार आहेत, एवढंच विचारत होती. तुमचं तोंड तिला दिसलंच नाही. तुम्ही काय बोललात ते तिला कळलं नाही."

बाबांनी हातातला फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं, पोचलं.

"तू सांगतेस होय?" ते म्हणाले. "मी तिला शिव्या घालायचो आणि तू सांगायचीस, पाणी मागतायत. उद्या पाऊस आहे म्हणतायत. समोर बसलेल्या आईला धडधडीत खोटं सांगणारी तू. तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

तिच्या ओठांचा दुसरा साक्षीदार जगात नाही.

फोन वाजला. मेजर बरा होऊन घरी आला होता. बाबांनी स्पीकर लावला आणि खुर्चीत नीट सावरून बसले.

"अरे, काय सांगू तुला," ते म्हणाले. "शेवटी बोलली ना माझ्याशी."

"नशीबवान आहेस," मेजर म्हणाला. "सांग, सगळं सांग."