उणे एक

आमच्या ऑफिसात सोमवारी सकाळी आल्याचा चहा होतो आणि चहाबरोबर चौकशी होते. नामुबिरू मॅडम कंपनी काढण्याआधी विद्यापीठात शिकवायच्या, त्यामुळे ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं उभं राहायचं, हा नियम त्यांनी इथेही चालू ठेवलाय. काही बिघडलेलं असलं की त्या कप खाली ठेवून विचारतात, "कोणी हात लावला?" आणि आम्ही सगळे ओपिओकडे बघतो.

याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी ओपिओनं चाचणीसाठी सर्व्हरवर एका वेळच्या जोडण्यांची मर्यादा घातली होती, ती काढायला विसरला, आणि मॅडमनी विचारल्यावर सरळ "मी नाही" म्हणाला. दुसऱ्या दिवशी कबूल केलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हापासून प्रिंटर अडकला तरी नजरा त्याच्याकडेच वळतात. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं. मी मुळातच संशयी आहे. बोडावाल्यानं, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यानं, सुटे पैसे दिले तरी उजेडात धरून बघते.

आमचं काम दुधाचं. पश्चिमेकडच्या दूध सोसायट्यांच्या थंड टाक्यांमध्ये आमची यंत्रं बसवलेली आहेत. टाकी तापायला लागली की यंत्र कंपालात आमच्या सर्व्हरला कळवतं आणि सर्व्हर सोसायटीच्या माणसाला फोन लावतो. त्या सोमवारी बातमी आली की काझोची टाकी रात्रभर तापत राहिली आणि कोणाला फोन गेलाच नाही. सगळं दूध नासलं. काझोच्या सोसायटीत माझा मामा दूध घालतो. त्यानं मला सकाळीच फोन केला होता. रागावला नाही, फक्त विचारलं, "कोबुसिंगे, तुमचं ते यंत्र झोपतं का गं?" त्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कोणी हात लावला?" मॅडमनी विचारलं.

ओपिओ उभा राहिला. म्हणाला, गेल्या आठवड्यात आपण नव्या सर्व्हरवर आलो, ते काम मीच केलं, आणि नव्या सर्व्हरवर कसलीही मर्यादा नाही.

मॅडमनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. आमचा प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हरला आधी विचारतो, एका वेळी किती जोडण्या उघड्या ठेवू देशील? जो आकडा मिळेल तेवढ्या टाक्यांना आत घेतो. त्या दिवशीच्या नोंदीत प्रोग्रॅमनं स्वच्छ लिहिलं होतं: मर्यादा विचारताना चूक आली, म्हणून लहानात लहान मर्यादा धरली. म्हणजे ज्या टाक्या आधी पोचल्या त्या आत, बाकीच्या बाहेर. काझो बाहेर.

"तू म्हणतोस मर्यादा नाही," मॅडम म्हणाल्या. "सर्व्हर म्हणतो चूक आहे. मी कोणाचं खरं मानू?"

"सर्व्हर असं म्हणणार नाही, मॅडम."

"मागच्या वेळीही तू असंच म्हणाला होतास."

तो बसला. शुक्रवारी दूध संघाची माणसं येणार होती. आमच्या माणसाचा दोष होता आणि त्याला काढलंय, असं मॅडम त्यांना सांगणार हे उघड होतं. कंपालातलं आमचं जग एवढंसं आहे. इथून त्या कारणानं निघालेल्या माणसाला दुसरं कोण घेणार? ओपिओची बायको तेव्हा पोटुशी होती.

मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, शुक्रवारच्या आत पुरावा शोध. कशाचा पुरावा, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी आधी ओपिओच्या खात्यात शिरून त्यानं सर्व्हरला दिलेल्या सगळ्या आज्ञा वाचल्या. मर्यादा घालणारी एकही नव्हती. भल्या माणसाला हे पुरलं असतं. मला वाटलं, इतकं स्वच्छ कसं? नक्कीच पुसलं असणार. मग बाहेर राहिलेल्या सोसायट्यांची नावं काढली तर सगळ्या लांबच्या, आमच्या गुरांच्या मुलखातल्या. ओपिओ उत्तरेकडचा, लिराचा. तो तिकडचा आणि दूध आमचं, असा एक घाणेरडा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. आला हे खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

दुपारी मी गेटवरच्या टपरीवर रोलेक्स, म्हणजे चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, खात होते. ओपिओ आपली गुंडाळलेली चपाती घेऊन शेजारी येऊन बसला. मी नकळत सरकले.

"अगं, बाक मोठा आहे," तो म्हणाला. "सरकू नकोस, पडशील."

"काही सांगायचं असेल तर आत्ताच सांग," मी म्हणाले. "शुक्रवारनंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

"सांगितलं की सोमवारी. मर्यादा नाही. तू स्वतः विचार ना सर्व्हरला, तुझं तोंड काय मी बांधलंय?"

चपातीतलं अंडं त्याच्या शर्टावर सांडलं. त्यानं ते पुसलंही नाही.

मी परत येऊन सर्व्हरला थेट विचारलं. त्यासाठी एक साधी आज्ञा असते. उत्तर आलं, अमर्याद. माझा विश्वास बसला नाही. म्हटलं, यानं ही आज्ञाच बदलून ठेवली असेल तर? मी स्वतः चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातून तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, उणे एक.

या उणे एकनं भल्याभल्यांना घोळात घेतलंय. मर्यादा असली की सर्व्हर सरळ आकडा सांगतो. मर्यादाच नसली तर सांगायला आकडा नसतो, म्हणून तो उणे एक म्हणतो. आणि प्रश्न विचारण्यातच काही चुकलं, तरीही उणे एकच म्हणतो. दोन्हीतला फरक कळावा म्हणून बाजूला एक पाटी असते. काही चुकलं की त्या चुकीचा आकडा पाटीवर लिहिला जातो. पाटी कोरी असेल तर उणे एक म्हणजे अमर्याद, पाटीवर काही असेल तर चूक. माझ्या चार ओळींच्या प्रोग्रॅमात पाटी कोरी होती. म्हणजे ओपिओ खरं बोलत होता.

मग आमचा प्रोग्रॅम खोटं का बोलतो? हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. माणसावर संशय घेताना मी पुढे असते, पण प्रोग्रॅमवर घेणं मला सुचलंच नव्हतं. मी तो पुन्हा सुरू केला आणि त्या क्षणी पाटीवर नेमकं काय आहे ते छापून घेतलं.

पाटीवर होतं: अशी फाइल सापडली नाही.

मी खुर्चीत मागे टेकले. आम्ही विचारलं होतं, किती जोडण्या उघडू देशील? आणि उत्तरात फाइल सापडली नाही? दुधाचा भाव विचारला आणि समोरच्यानं वासरू हरवल्याचं सांगितलं, तसलं झालं हे. हे उत्तर या प्रश्नाचं नव्हतंच.

मग मी कोड वरपासून वाचत आले. प्रोग्रॅम सुरू झाल्याझाल्या एक जुनी सेटिंगची फाइल शोधतो. ती असली तर वाचतो, नसली तर तिच्यावाचून पुढे जातो. ती फाइल आता कुठेच नाही. म्हणून पाटीवर लिहिलं जातं, सापडली नाही. ती चूक बिनमहत्त्वाची, तिथंच संपलेली. पण त्या पाटीची खोड अशी की पुढचं काम नीट झालं तरी आधीचं कोणी पुसत नाही. ज्याला विचारायचंय त्यानंच विचारण्याआधी ती पुसायची असते. माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय. आमच्या कोडात पुसायची ओळ नव्हती. जुन्या सर्व्हरवर मर्यादा होती, तिथं आकडा मिळायचा, पाटीकडे बघायची वेळच यायची नाही. ओपिओनं खुला सर्व्हर आणला आणि पहिल्यांदाच कोणीतरी पाटीकडे बघितलं. तिच्यावर जुनीच चूक होती. प्रोग्रॅमनं ती आत्ताची समजली.

आणि लांबच्या सोसायट्या बाहेर का, तर तिकडे मोबाइलचं नेटवर्क रखडत चालतं आणि त्या शेवटी पोचतात. कोण लिराचा आणि कोण काझोचा, याचा त्यात काही संबंधच नव्हता.

मी मॅडमकडे गेले. त्यांनी पडद्यावर तो भाग वाचला, मग पुन्हा वाचला.

"हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी."

मला ठाऊक होतं. कोणती ओळ कोणी लिहिली ते तिथं दिसतंच.

त्यांनी माझ्यासमोरच पुसायची ओळ घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. टाक्या एकेक करून आत येत गेल्या, काझोही आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाला लगेच फोन करावासा वाटला, पण नासलेल्या दुधाचं काय सांगणार होते मी त्याला?

शुक्रवारी मॅडमनी दूध संघाच्या माणसांना सरळ सांगितलं, "चूक माझी होती." त्यात त्यांनी काही लपवलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. ओपिओची त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, मॅडम," आणि कामाला लागला.

संध्याकाळी गेटवर त्यानं मला थांबवलं.

"एक विचारू? तू आधी काय वाचलंस? कोड की माझ्या आज्ञा?"

खोटं बोलता आलं असतं. "तुझ्या आज्ञा," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली आणि बोडावर बसला. मला रागावलेला ओपिओ चालला असता. हा मामासारखाच निघाला.

पुढच्या सोमवारी सकाळीच इंटरनेट गेलं. आमच्या भागात खड्डा खणताना कोणीतरी केबल तोडलेली असते, ते नेहमीचंच. आम्ही चहा घेऊन बसलो होतो. मॅडमनी कप खाली ठेवला. "कोणी..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग आवाज बदलून त्यांनी विचारलं, "काय झालंय, कोणाला काही कळलंय का?"

त्या कोणाकडेही बघत नव्हत्या. मीही मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून मी वळले. ओपिओ उभा राहिला होता.

"मी नाही, मॅडम," तो म्हणाला.