ढब्बी

"काका, अजून एकही जोडी नाही," सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता पुतणी म्हणाली.

काका प्रयोगशाळेतल्या टाक्या सांभाळत. दोन जातींच्या संकरातून जन्मलेले हे मासे त्यांनी नखाएवढे असल्यापासून वाढवलेले. त्यांच्या अंगात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच. अंडं व्हायचं तर गुणसूत्रांच्या जोड्या जुळायला हव्यात, आणि इथे तीन तिघाडा काम बिघाडा. पुतणीचा मात्र हट्ट होता की हजारांत एखादी पेशी शहाणी निघते. ती आधी आपली गुणसूत्रं दुप्पट करते, मग प्रत्येकाला स्वतःचीच प्रत जोडीला मिळते, आणि तेवढीच अंडं होऊन वाढते. साहेबांनी आज निकाल मागितला होता. अशी एकही पेशी दिसली नाही, तर संध्याकाळी वांझ म्हणून सगळेच मासे मारायचे होते.

सकाळी चिरायला तिने अंड्यांनी भरल्या पोटाची मादी मागितली. तशी एकच होती, ढब्बी. काकांच्या बोटांतून दाणा खाणारी, लाडावलेली. काकांनी सरळ थाप मारली की भरलेली कुणीच नाही, आणि एक चपटी तिच्या हाती दिली. आता त्या चपटीत नुसत्या जोडीविना अडकलेल्या पेशी सापडत होत्या. एकीला वाचवायला जाऊन आपण सगळ्यांच्याच मुळावर उठलो, हे त्यांना कळून चुकलं.

साहेब दारातून डोकावून, झालं का, म्हणून विचारून गेले. काका उठले. परतले ते बादली घेऊन.

"ही घे. सकाळी खोटं बोललो मी."

पुतणीने बादलीत पाहिलं, मग त्यांच्याकडे. रागावली नाही. "तुम्ही बाहेर थांबा, काका."

"नको. मीच धरतो. माझ्या हातात ती धडपडायची नाही."

गुंगीच्या पाण्यात ढब्बी खरंच धडपडली नाही. कल्ले थांबेपर्यंत काकांनी तिला धरून ठेवलं. पुढे पुतणीने अंडं सोडवलं, काचेवर घेतलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं.

"या, बघा."

काकांनी डोळा लावला. जाड, वळलेले धागे. प्रत्येकाला लगटून दुसरा.

"सगळे जुळलेत?"

"सगळे. एकही सुटा नाही."

साहेबांनी पाठ थोपटली, टाक्या राहतील म्हणाले. काका मान डोलवून टाक्यांकडे गेले. त्यांची सावली पडताच उरलेल्या बहिणी वर आल्या, तोंडं उघडून. काका तिथेच उभे राहिले. पाण्यात हात घालायचा त्यांना धीर होईना.