सहा तोंडांची आज्ञा आणि माझी दोन तोंडे

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. सानपाड्याच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, सिताराम जाधवांच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीवर टांगलेला. माझ्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक हिरवी रेघ आहे, ती कधी जात नाही. लोक जुन्या टीव्हीच्या चित्राची तक्रार करतात. माझी गोष्ट मात्र चित्राची नाही, आवाजाची आहे. ती सांगायला मला थोडी लाज वाटते, कारण माझ्यामुळे या घरातला एक माणूस पाच महिने बहिरा ठरला. आणि मी बोलणारे यंत्र असूनही त्याच्या बाजूने एक शब्द बोलू शकलो नाही.

माझी काच समुद्रापलीकडे बनली. ती पेटीत बसून बोटीतून न्हावा शेवाला उतरली आणि नंतर कारखान्यात तिला बाकीचे अंग जोडले गेले. त्या बंदरात सिताराम कंटेनर यार्डात मुकादम होते. तिथे यंत्रांच्या घरघरीत हाक मारून उपयोग नसतो. क्रेनवाला उंच बसलेला, खाली ट्रकांचे भोंगे. सगळे बोलणे हाताने चालते. तळवा वर केला की थांब. बोट गोल फिरवले की उचल. तळवा जमिनीकडे दाबला की हळू. एकतीस वर्षे सितारामांनी असे हाताने बोलून डोंगराएवढ्या पेट्या उतरवल्या. कोण जाणे, माझीही पेटी त्यांच्याच खुणेवर उतरली असेल.

ते निवृत्त झाले त्या वर्षी मी या घरात आलो. सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. भिमाबाई रोज मऊ फडक्याने मला पुसत. पाहुणा आला की आधी माझ्याकडे बोट जायचे. शेजारचे इसाकभाई क्रिकेट बघायला येऊन बसायचे. तेव्हा केबलवरचा आवाज माझ्या पोटातून सरळ बाहेर पडे. मला दोन छोटे स्पीकर आहेत, दोन्ही खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. सिताराम आवाज चौदावर ठेवून बातम्या ऐकत, आणि कोण मंत्री काय म्हणाला ते स्वयंपाकघरात जाऊन भिमाबाईंना सांगत.

मग मुलाने, प्रितमने, मला मागून एक काडीसारखे यंत्र जोडले. त्यातून इंटरनेटवरचे सिनेमे येऊ लागले. जोडताना त्या यंत्राने आवाजाबद्दल विचारले. प्रितमने यादीतले सगळ्यात मोठे नाव निवडले. सहा बाजूंचा आवाज. "दोनपेक्षा सहा चांगलेच ना," असे तो म्हणाला आणि सगळ्यांनी मान डोलावली.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. सहा बाजूंच्या आवाजात संगीत, पाऊस, गाड्या कडेच्या तोंडांतून, म्हणजे स्पीकरांतून येतात. माणसांचे बोलणे मात्र बहुतेक मधल्या तोंडातून येते. मला मधले तोंड नाही. त्या यंत्राला ते ठाऊक नव्हते. ते सगळे बोलणे माझ्याकडे नसलेल्या तोंडाकडे पाठवत राहिले. माझ्यातून गाणे निघे तेव्हा भांडी थरथरायची, आणि माणसे बोलू लागली की नुसती कुजबुज.

"बाबा, किती वाढवता आवाज! पन्नासवर गेलाय," सून राजश्री म्हणायची.

"आगं, पन वाक्य कळत न्हाय."

"सगळ्यांना कळतंय."

आणि दिसतही तसेच होते. विनोद झाला की प्रितम हसे. दुःखाचा प्रसंग आला की राजश्री ओढणीने डोळे पुशी. आठ वर्षांची नात क्रांती सिनेमा संपल्यावर अख्खी गोष्ट सांगे. एकटे सिताराम मध्येच विचारत, "काय म्हनली ती?" कोणीतरी "नंतर सांगतो" म्हणे. ते नंतर कधी येत नसे.

"यार्डात कान गेले बाबांचे," प्रितम एकदा राजश्रीला म्हणाला. सिताराम चार हातांवर बसले होते. प्रितमने आवाज खालीसुद्धा आणला नव्हता. बहिऱ्यासमोर आवाज कशाला खाली आणायचा!

"बातम्या तर बरोबर आयकतात की," भिमाबाई म्हणाल्या.

"आई, बातमीवाले बोंबलतात. ते मढ्यालाही ऐकू येतं."

त्या आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. क्रांतीची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे आहे. रोज साडेबाराला सिताराम तिला आणायला जात. तिचे दप्तर एका खांद्यावर, तिचा हात दुसऱ्या हातात. सत्तरीतल्या माणसाला दिवसभरात एवढे एकच काम होते, पण त्या कामासाठी ते सकाळी नऊलाच इस्त्रीचा सदरा घालून तयार बसत.

त्या दिवशी राजश्री लवकर घरी परतत होती. तिने लांबून पाहिले. दोघे सिग्नलजवळ चालत होते आणि मागून एक रिक्षा भोंगा वाजवत आली. सिताराम वळले नाहीत. घरी आल्यावर ती माझ्यासमोर उभी राहून बोलत होती.

"रिक्षा अंगावर आली, बाबा! वळून तरी बघायचं!"

"हात केला ना मी त्याला. पाठीमागं हात केला. थांबला तो."

"हात कशाला करायचा? ऐकू आलं असतं तर माणूस वळतो."

"यार्डात आमी वळत नव्हतो. वळलं की समोरची पेटी चुकते. हात करायचा, बस्स."

"हे यार्ड नाहीये, बाबा. माझी मुलगी आहे ती."

भोंगा सितारामांनी ऐकला होता, म्हणून तर हात केला होता. पण घरात आधीच माझी साक्ष झाली होती. पन्नासवरचा माझा आवाज त्यांच्या विरुद्ध बोलत होता.

दुसऱ्या सोमवारपासून क्रांतीसाठी शाळेची व्हॅन लागली.

प्रितम म्हणाला, "कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, बाबा. तपासू."

"नको. डॉक्टर कागदावर लिहील आनि मग तेच खरं व्हईल."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात वाईट. साडेबारा वाजले की सिताराम माझ्यासमोर येऊन बसत. मला लावत, पण आवाज बंद ठेवत. सदरा इस्त्रीचा नसे. व्हॅनचा भोंगा खाली वाजला की उठून खिडकीशी जात आणि क्रांती जिना चढून येईपर्यंत परत येऊन बसत, जणू उठलेच नव्हते. हळूहळू ते ऐकू आलेल्या गोष्टीलाही "काय?" म्हणू लागले. भिमाबाईंनी चहाला हाक मारली की आधी त्यांच्या ओठांकडे बघत. बाजारात एकटे जाणे त्यांनी सोडले. कोणी त्यांना तसे सांगितले नव्हते.

आणि मी? मला सारखे वाटे, हे माझे आहे, त्यांचे नाही. पण जे माझ्यात येते तेच मी बाहेर टाकतो. त्यात माझे स्वतःचे एक अक्षरही नसते.

मग एका रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर सगळे सिनेमा बघायला बसले. एक बाप आणि त्याची लेक बऱ्याच वर्षांनी भेटतात, असा प्रसंग होता. राजश्रीच्या डोळ्यांत पाणी आले. सिताराम नेहमीच्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी "काय म्हनली" असेही विचारले नाही. क्रांती रिमोट घेऊन चाळा करत होती. तिचे बोट कुठल्याशा बटणावर पडले आणि माझ्या काचेच्या तळाशी चालणाऱ्या इंग्रजी ओळी नाहीशा झाल्या.

प्रितम पुढे सरकला. "ए क्रांती, आवाज वाढव गं."

क्रांतीने वाढवला. तीस. चाळीस.

"अजून वाढव. काय पुटपुटतायत हे?"

"लेक काय बोलली?" राजश्रीने प्रितमला विचारले.

"मला काय माहीत? मलाच कळलं नाही."

पन्नास झाले. तेवढ्यात गाणे सुरू झाले आणि सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. क्रांतीने घाईघाईने आवाज बंद केला.

"मला तर पैल्यापासून आयकू येत न्हाय ह्यांचं बोलनं," भिमाबाई सावकाश म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस, आई?"

"बोलले असते तर मलाबी भैरी ठरवली असती तुमी. घरात एक ठरला तेवढा बास झाला."

क्रांती आईकडे वळली. "म्हणजे आई, तू पण खालचं वाचत होतीस? मला वाटलं मी एकटीच वाचते."

राजश्रीने मान दुसरीकडे वळवली. मित्रांनो, मी भिंतीवरून सगळ्यांचे चेहरे बघतो, पण तो चेहरा मला बघवला नाही. त्या घरात सिनेमा कोणीच ऐकत नव्हते. प्रितम वाचत होता, राजश्री वाचत होती, पोर वाचत होती. ओळी इंग्रजी होत्या. सिताराम चाळिशी ओलांडल्यावर वस्तीतल्या रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकलेले, आणि तीही मराठी. ज्याला त्या वाचता येत नव्हत्या आणि ज्याने तसे विचारले, तो एकटा माणूस बहिरा ठरला होता.

प्रितमने शेजारी जाऊन अमरीनला बोलावले. ती इसाकभाईंची मुलगी, वाशीला टीव्ही-मोबाईलच्या दुकानात काम करते. तिने रिमोट हातात घेतला, पडद्यावर सेटिंगची दोन-तीन पाने उलटली आणि कपाळाला हात लावला.

"प्रितमदादा, हे सहाचं कोणी लावलं? सहा स्पीकर कुठायत तुमच्याकडे? खिशात?"

"जास्त आहे म्हणून चांगलं असेल असं वाटलं."

"जास्त काय! बोलण्याचा आवाज सगळा बाहेर राहिला ना. आमच्या दुकानात दर आठवड्याला कोणीतरी येतं, टीव्ही बदलून द्या म्हणून. बदलायचं काही नसतं. इथं दोनचं लावायचं, स्टिरिओ. आणि टीव्हीच्या आवाजात हे 'बोलणं स्पष्ट' आहे ना, ते चालू करायचं. झालं."

तिने सिनेमा मागे नेला आणि आवाज अठरावर ठेवला. मग पडद्यावरची लेक बापाला म्हणाली, "मी दारातच होते. तुम्ही वर पाहिलंच नाही." माझ्या दोन लहान तोंडांतून ते वाक्य सबंध बाहेर आले. मला हलके वाटले. पण सितारामांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"काका, आलं ना ऐकू?" अमरीनने विचारले.

"आलं, बाय. ते पन आलं आनि पाच म्हैने हितं घरची मानसं जे जे बोलली ते पन आलं. फक्त ह्याचं तेवढं येत नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बोट केले. "मी तेच सांगत हुतो."

प्रितमने मान खाली घातली. राजश्री उठून सासऱ्यांजवळ खाली बसली.

"बाबा, चुकलं माझं. उद्याच व्हॅन बंद करते. क्रांतीला तुम्हीच आणा."

क्रांतीने टाळी वाजवली. सिताराम आपल्या हातांकडे बघत बसले.

"बाबा?"

"आयकलं गं. पन आता नको. मागल्या म्हैन्यात सिग्नलला गेलो हुतो, एकटाच. मधी उभा ऱ्हायलो. मागनं गाडी आली का न्हाई, मलाच कळंना. येत आसंल आनि मला आयकू येत नसंल, आसं वाटायला लागलं. एका पोरानं हात धरून पलीकडं नेलं. पोरीचा हात धरून मी कसा जाऊ?"

भिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. राजश्री म्हणाली, "मग मी येते तुमच्याबरोबर. रोज सकाळी कामावर जायच्या आधी. सिग्नलपर्यंत आणि परत. गाडी आली की तुम्ही सांगायचं, मी नुसती चालेन."

याला आता तीन आठवडे झाले. रोज सकाळी सात वाजता दोघे जोडे घालून बाहेर पडतात. काल राजश्री आल्यावर भिमाबाईंना सांगत होती, "आज सहातल्या पाच गाड्या वळून न बघता ओळखल्या. पण रस्ता ओलांडायला अजून घाबरतात." व्हॅन अजून येते. तिचा भोंगा वाजला की सिताराम अजून खिडकीशी जातात.

मित्रांनो, माझा दोष एका बटणाचा होता. अमरीनने तो दोन मिनिटांत काढला. त्या दोषाने माणसात जे मोडले, ते सुधारायला किती दिवस लागतील ते मला सांगता येत नाही. म्हणून एक विनंती आहे. तुमच्या घरातले आजी-आजोबा म्हणाले की सिनेमातले बोलणे कळत नाही, तर त्यांच्या वयाकडे बोट दाखवू नका. आधी माझ्या काचेवरच्या खालच्या ओळी बंद करा. मग ते बसतात तिथे, त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि डोळे मिटून ऐका. तुम्हाला तरी कळते का, ते बघा.