नावाची फिर्याद

"होटगीच्या वळणावर गाडी घाली शीळ, महेश्वररावांच्या नावे केला गालावरचा तीळ."

मांडवात दानेश्वरीनं घेतलेला हा उखाणा. वर्षं लोटली, डोक्याचे केस गेले, पण तो आवाज महेश्वरांच्या कानात अजून ओला होता. कारण त्यानंतर त्या तोंडून त्यांचं नाव कधी आलंच नाही. माहेरच्या कानडी वळणानं ती घरात "री" म्हणायची, चारचौघांत "अहो". नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं मनावर बिंबवलेलं. महेश्वरांनाही ते कधी खुपलं नव्हतं. नेथन घरात येईपर्यंत.

नेथन हॉलवे हा अमेरिकेतला जुन्या काळचा न्यायाधीश, जाऊन दोनशे वर्षं झालेला. कायदा शिकवून निवृत्त झालेल्या दानेश्वरीला रविवारी विद्यार्थ्यांपुढं त्याच्यावर बोलायचं होतं. मग काय, उठता-बसता नेथन. नेथन जोडे शिवणाऱ्याचा मुलगा. नेथन उसनी पुस्तकं आणून कायदा शिकला. देश नवा, कोर्टाला छप्पर नाही, तर नेथन घोड्यावरून गावोगाव फिरायचा, खानावळीच्या बाकावर बसून निवाडे द्यायचा. सासऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला, तर बायकोनं वर्षभर अबोला धरला.

महेश्वर चादरींच्या दुकानातून दुपारी जेवायला येत, तर ताटाशी नेथन हजर. त्यातही नवऱ्याला अहो-जाहो आणि हा परका नुसता 'तो', जणू माहेरच्या गल्लीत तिच्याबरोबर गोट्या खेळलेला.

"तुझ्या नेथनला शेंगाची चटणी वाढू का?"

"तिखट सोसायचं नाही त्याला," ती कागदातून मान वर न करता हसली.

त्याला काय सोसतं, तेही हिला ठाऊक. महेश्वरांनी हातातला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"घोड्यावर हिंडत होता म्हणं. मी पण गठ्ठे बांधून फटफटीवर अक्कलकोटपातुर हिंडलो की. कुणी भाषण केलं न्हाय."

शनिवारी संध्याकाळी तिनं सगळं भाषण वाचून दाखवलं. महेश्वर खिडकीकडं तोंड करून बसले. समोर चहा तसाच.

"कोर्टात कुणी नुसतं तोंड फुगवून बसलं," ती वाचत होती, "तर नेथन त्याला उभं करायचा. म्हणायचा, तू मागितलंच नाहीस तर मी देऊ काय?" तिनं कागद खाली ठेवला. "री, तुम्हीपण उभे राहा बघू. आठवडाभर बघतेय. काय तक्रार आहे?"

"काय न्हाय."

"खोटी साक्ष."

महेश्वर खरंच उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते कळेना, तर खुर्चीची पाठ धरली.

"त्या मेलेल्या माणसाचं नाव दिवसभर घेतीस. माझं मांडवात एकदा घेतलंस. मला परत ऐकायचं हाय."

दानेश्वरीचा चेहरा उतरला. "अव्वा म्हणायची, आयुष्य घटतं."

"त्याचं रोज घेतीस की. तो तर मेल्यावर पण जगतोय."

ती त्यांच्यापुढचा कप उचलून आत निघाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबली. पाठमोरीच. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"महेश्वर," ती म्हणाली, अगदी हळू, "चहा निवलाय. दुसरा टाकते."