पुठ्ठ्यावरचा थेंब

तो मंगळवार इतर मंगळवारांसारखाच होता. सकाळी पावणेआठला बाबांनी गाडीखालचा पुठ्ठा ओढून काढला, खांबाला टेकवला आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली, “इन्स्पेक्टर, हजर व्हा!”

इन्स्पेक्टर म्हणजे त्यांची लेक. वय अडतीस, नोकरी ग्रंथालयात. हे पद मात्र तिला बाराव्या वर्षीच मिळालं होतं. बाबांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही रंग वाळक्या गवतासारखे दिसत. ही गोष्ट फक्त बापलेकीला ठाऊक होती. तीस वर्षं त्यांनी औषधकंपनीची गाडी चालवली. सिग्नलला वरचा दिवा थांबा, खालचा चला, एवढ्यावर त्यांचं भागलं. आईच्या कानावर गेलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, म्हणून तिलाही सांगितलं नव्हतं.

घरची गाडी सत्तावीस वर्षांची होती. या वयाच्या गाडीतून काही ना काही गळायचंच. बाबा रोज गाडी लावली की इंजिनाखाली कोरा पुठ्ठा सरकवत आणि सकाळी त्यावरचे डाग बघत. काळा डाग त्यांना स्वतःला कळे. बाकीसाठी इन्स्पेक्टर. लाल म्हणजे स्टिअरिंगचं तेल, हिरवा म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कूलंट. “लाल असेल तर रविवारी बघू,” बाबा म्हणत, “हिरवा असेल तर चावीला हात लावायचा नाही.” मग कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे तिने सांगितलेला रंग.

“त्या खटाऱ्याची रोज नाडी बघता,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “माझा गुडघा कसा आहे ते विचारलंत का कधी?”

“तुझा गुडघा अजून गळत नाही,” बाबा म्हणाले. “काय गं इन्स्पेक्टर, कुठला रंग?”

लेक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. हातात कादंबरी, शेवटची चार पानं राहिलेली. गेले पंधरा दिवस डाग लालच होता.

“लाल,” ती म्हणाली.

“नक्की?”

“हो, बाबा.”

बाबांनी लिहिलं. मंगळवार उरकला. बुधवारी ती लवकर बाहेर पडली आणि बाबा मंगळवारच्या ‘लाल’वर विसंबून गाडी घेऊन पाण्याच्या टाकीकडच्या चढावर गेले. अर्ध्या चढावर इंजिनातून वाफ आली, गाडी जागच्या जागी बंद पडली. मागून वाहनं येत होती, म्हणून एकट्याने गाडी बाजूला ढकलायला गेले. लोकांना सापडले तेव्हा ते दाराला टेकून बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीतरी होणारच होतं.

बाबा गेल्यावर दीड महिना गाडी गॅरेजमध्ये पडून होती. मग एके दिवशी मेकॅनिकचा फोन आला. हा बाबांचा जुना दोस्त. वयाने लहान, पण जिभेने मोठा. लेक गेली तेव्हा गाडी वर उचललेली होती आणि तो खाली उभा राहून बॅटरी मारत होता.

“या ताई. बघा, हा रेडिएटरचा खालचा पाइप. इथे उभा फाटलाय.” त्याने रबराची चीर बोटांनी उघडून दाखवली. आतून ती ओठांसारखी मऊ होती. “सगळं पाणी एकदम गेलं. कूलंटची बाटली इतकी पिवळी पडलेली की आत किती आहे ते कुणालाच दिसलं नसतं. पण एक कोडं सुटत नाही मला.”

“कसलं?”

“असा पाइप एका दिवसात फाटत नाही. आधी घाम येतो, मग थेंब, मग धार. हे बघा, खाली हिरवा थर वाळलाय. निदान एक-दोन दिवस तरी थेंब पडत असणार. आणि काका म्हणजे! पुठ्ठा बघून गाडीची कुंडली सांगणारा माणूस. त्यांच्या नजरेतून हिरवा डाग सुटेलच कसा?”

तिने चिरेवरून नजर काढली नाही. दोन वाक्यांत तिला ते कोडं सोडवता आलं असतं. पण त्यातलं एक वाक्य बाबांचं गुपित होतं, आणि दुसरं तिचं.

“वय झालं होतं,” ती म्हणाली. म्हणजे आता बाबांवरच ढकललं.

नवा पाइप, नवी बाटली, नवं कूलंट घालून गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली उतरली तर इंजिनाखाली पुठ्ठा होता. आईने सवयीने सरकवला असेल, असं तिला वाटलं. बाहेर ओढला. मधोमध एकच थेंब, नाण्याएवढा, ओला, हिरवा.

मेकॅनिक आला. रेडिएटरच्या तोंडाला हवेचा पंप लावून काट्यावर नजर ठेवून बसला. दोन कप चहा झाला, काटा तसूभर हलला नाही.

“गळत असेल तर हवा सुटते आणि काटा पडतो. हा तर गुरख्यासारखा उभाय.” त्याने बाटली बघितली. पाणी खुणेला लागून होतं. “जुनं कुठेतरी साठलेलं पडलं असेल. सोडून द्या.”

पुढच्या सकाळी पुन्हा थेंब. त्याच जागी, तेवढाच. त्यापुढच्या सकाळीही. बाटलीतलं पाणी केसभरही खाली आलं नव्हतं.

मेकॅनिक चिडला. त्याने कूलंट पार काढून टाकलं, पाइप सुटे केले, रेडिएटर उलटा करून झटकला आणि कापडाने पुसला. “आता हिच्यात थुंकीएवढंही पाणी नाही. उद्या कुठून गळते ते बघतोच!”

सकाळी तो आधीच येऊन थांबला होता. लेकीने पुठ्ठा ओढला. थेंब होता.

त्याने बोट बुडवून वास घेतला. बोटावर बोट चोळून पाहिलं. वाकून त्या रिकाम्या इंजिनात बराच वेळ बघत राहिला. मग एकेक पाना फडक्याने पुसून पेटीत ठेवू लागला. नेहमी तो सगळे पाने एकदम आत फेकत असे.

“कूलंटच आहे,” तो म्हणाला. “ताई, माझ्या हातात जेवढं होतं तेवढं केलं. हे आमच्या धंद्यातलं नाही.” फाटकाशी जाऊन तो वळला. “एक विचारू? पुठ्ठा कोण ठेवतं?”

“आई,” लेक म्हणाली.

“मी?” आई दारात उभी होती. “मला खाली वाकता येतं का या गुडघ्याने? रोज दिवे मालवल्यावर सरकवल्याचा आवाज येतो. मला वाटलं तूच. मुद्दामच बोलले नाही. म्हटलं, करतेय तर करू दे, तेवढंच मन रमेल.”

मेकॅनिक फाटक ओढून घेऊन गेला. आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदराचं टोक मुठीत धरून आत गेली आणि आतून तिने रेडिओ लावला, नेहमीपेक्षा मोठ्याने.

लेक फरशीवर बसली. आतापर्यंत तिने नुसता डाग पाहिला होता. आज पहिल्यांदा पुठ्ठ्याचा कोपरा पाहिला. पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. आजची. पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे जागा कोरी.

तिने आधीचे पुठ्ठे भिंतीकडून उचलून आणले. प्रत्येकावर त्या त्या दिवसाची तारीख. प्रत्येकावर रेघ. पुढे काही नाही.

अक्षर ओळखीचं होतं की नव्हतं, हे तिला सांगता आलं नसतं. आकडे गिरवायला तिला बाबांनीच शिकवले होते. दोघांचा आठ सारखाच आडवा पडायचा. झोपेत आपणच उतरत असू, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. तळपाय उलटून बघितले. स्वच्छ होते. आणि तेही खरं धरलं, तरी कोरड्या गाडीतून थेंब पाडणं तिच्या हातचं नव्हतं.

अंगणात वारा नव्हता. गाडी बंद होती, रिकामी होती, तरी बॉनेटखालून टिक्, टिक् असा बारीक आवाज येत होता. लांबून आलेलं इंजिन निवताना येतो तसा. तिने पत्र्यावर हात ठेवला. ऊन अजून भिंतीपलीकडे होतं. पत्रा कोमट लागला.

तिच्या लक्षात आलं की कुणीतरी थांबलं आहे. घाई न करता, न रागावता, उत्तराची वाट बघत.

“हिरवा,” ती म्हणाली.

टिकटिक चालूच राहिली. नुसत्या रंगावर भागणार नव्हतं. ती गुडघ्यांवर आली, गाडीखालच्या अंधाराकडे वाकली. दीड महिन्यात ती कुणासमोर रडली नव्हती, आताही रडली नाही.

“नक्की हिरवा. आज वाकून बघितलाय,” ती म्हणाली. “त्या मंगळवारी मी बघितलंच नव्हतं, बाबा. तुम्ही दोनदा विचारलंत, आणि मी दोन्ही वेळा पुस्तकातून मान वर केली नाही.”